हिरडीखालचें हाड

मनुष्याचा सांगाडा जन्मापासून मरणापर्यंत झांकलेला असतो. मांडीचें हाड, बरगडी, मणका किंवा कवटी, यांपैकीं कोणतेंहि हाड निरोगी माणसाच्या अंगावर उघडें पडलेलें दिसत नाहीं. त्वचेची तटबंदी भोंवतीं असल्यामुळें बाहेरच्या जगाची वार्ताहि त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं. या तटबंदीला निसर्गानें एकाच ठिकाणीं मुद्दाम खिंडार ठेविलें आहे, आणि तें ठिकाण म्हणजे तोंड. दांताचें मूळ जबड्याच्या हाडांत रोवलेलें असतें. त्याचा माथा मात्र हिरडी भेदून बाहेर येतो आणि लाळ, अन्न व असंख्य जंतू यांच्या सहवासांत सारें आयुष्य काढतो. एक टोंक घराच्या पायांत आणि दुसरें टोंक भर रस्त्यावर, अशी ही विलक्षण रचना आहे. या खिंडारावर अहोरात्र पहारा करते ती हिरडी.

हा पहारेकरी किती पातळ आहे, हें कोणालाहि बोटानें अजमावतां येईल. वरचा ओंठ किंचित् उचलून दांतांच्या मुळांशीं बोट फिरविलें, तर तेथील हिरडी हाडाला इतकी घट्ट बसलेली आढळते कीं ती जागची हलत नाहीं. थोडें आणखी वर गेलें कीं तेंच आवरण सैल होऊन सरकूं लागतें. त्या घट्ट भागांत हिरडी आणि हाड यांच्यामध्यें चरबीचा किंवा मांसाचा थर नसतो. एक ते दोन मिलिमीटर जाडीची हिरडी, तिच्या तळाशीं हाडाला लपेटून बसलेलें अस्थ्यावरण, आणि लगेच हाड. एवढ्याशा जागेंत काय चालतें हें नीट कळावयास माणसाला जवळजवळ तीनशें वर्षें लागलीं. आणि तें कळण्यापूर्वीं कित्येक गरीब कामगारांना आपल्या जबड्यांचें मोल द्यावें लागलें.

या शोधाचा प्रारंभ एका कापडाच्या व्यापाऱ्यापासून होतो. हॉलंडांतील डेल्फ्ट या गांवीं आंतोनी व्हान लीवेनहूक हे स्वतः घांसून तयार केलेल्या एकाच भिंगाच्या छोट्या यंत्रांतून मिळेल ती वस्तु पाहात असत. १६७८ सालीं त्यांचीं दांत व हाडें यांवरील निरीक्षणें लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालीं. दांत हा दगडासारखा भरीव नसून अत्यंत बारीक नळ्यांचा बनलेला आहे, असें त्यांनीं दाखविलें. पुढें १७ सप्टेंबर १६८३ च्या पत्रांत त्यांनीं दांतांच्या फटींतील पांढऱ्या किटणाचें वर्णन केलें. लीवेनहूक रोज सकाळीं मिठानें दांत घांसत. तरीहि त्या किटणांत चपळपणें हिंडणारे सूक्ष्म जीव त्यांना दिसले. ज्यानें जन्मांत कधीं दांत घांसले नव्हते अशा एका वृद्धाच्या तोंडांत तर त्यांची दाटीच आढळली. अशा रीतीनें खिंडाराबाहेरील शत्रूचें दर्शन माणसाला प्रथम घडलें. शत्रु आहे हें मात्र तेव्हां कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

खिंडाराच्या आंतील बाजू पाहणें याहून कठीण होतें. १६९१ सालीं क्लॉप्टन हॅव्हर्स या इंग्रज वैद्यांनीं हाडांविषयींचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला व घट्ट दिसणाऱ्या हाडांतूनहि बारीक मार्ग गेलेले आहेत हें नमूद केलें. त्या नळ्यांना आजहि त्यांचेंच नांव आहे. परंतु अशा अभ्यासांत एक अडचण प्रारंभापासून होती. हाड सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाचें तर त्याची इतकी पातळ चकती हवी कीं तिच्यांतून उजेड आरपार जाईल. ती सहाणेवर घांसून केली, तर कठीण भाग शिल्लक राहतो आणि त्यावरील मऊ आवरण नाहींसें होतें. उलट, हाड आम्लांत ठेवून मऊ केलें व मग सुरीनें कापलें, तर मऊ भाग टिकतात, पण हाडांतील खनिज विरघळून जातें. हिरडी पाहावी तर हाड हातचें जातें, आणि हाड पाहावें तर हिरडी जाते. हा पेंच पुढें दोनशें वर्षांहून अधिक काळ संशोधकांना छळीत राहिला.

सूक्ष्मदर्शक जेथें अडला, तेथें अठराव्या शतकांत एका वनस्पतीनें मदत केली. आपल्याकडील औषधी मंजिष्ठेची एक बहीण युरोपांत कापड तांबडें रंगविण्यासाठीं लावीत असत. १७३६ सालीं जॉन बेल्चिअर या लंडनच्या शल्यवैद्यांच्या नजरेस एक चमत्कार आला. कापड छापणाऱ्या एका कारखानदाराकडील डुकरांना रंगाच्या कामांत वापरलेला कोंडा खावयास मिळत असे, आणि त्यांचीं हाडें तांबडीं झालेलीं होतीं. फ्रान्समधील द्युआमेल द्यू माँसो यांनीं हा धागा उचलला. जनावरांना कांहीं दिवस मंजिष्ठ चारावी, मग बंद करावी, पुन्हां चारावी, असा क्रम त्यांनीं ठेविला. तेव्हां हाडांत तांबडे आणि पांढरे थर एकावर एक बसलेले दिसले. मंजिष्ठेच्या दिवसांत घडलेलें तेवढेंच हाड तांबडें होतें. यावरून हाड हें बाहेरून, आपल्या आवरणाच्या बाजूनें, थराथरानें वाढतें असें अनुमान त्यांनीं काढलें. झाडाची साल खोडावर नवें लांकूड चढविते, तसें हें आवरण हाडावर हाड चढवितें, ही उपमा त्यांना वनस्पतींच्या अभ्यासांतूनच सुचली होती.

जबड्याच्या बाबतींत हा विचार पुढें नेला तो जॉन हंटर यांनीं. मानवी दांतांवरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १७७१ सालीं लंडनमध्यें निघाला. त्यांच्यापुढील प्रश्न प्रत्येक आईबापांच्या डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टीचा होता. लहान मुलाला दुधाचे वीस दांत असतात. मोठ्या माणसाला बत्तीस. जास्तीच्या बारा दाढा मागील बाजूस येतात. लहान मुलाच्या जबड्यांत तर शेवटच्या दांतामागें लगेच जबड्याची उभी भिंत लागते. मग या दाढांना जागा कोठून मिळते? हंटर यांनीं वेगवेगळ्या वयांचे जबडे शेजारीं मांडले आणि डुकरांना मंजिष्ठ चारूनहि पाहिलें. त्यांचें उत्तर असें होतें कीं त्या उभ्या भिंतीच्या मागील कडेवर नवें हाड चढतें आणि पुढील कडेवरून जुनें हाड उतरविलें जातें. एखाद्या गृहस्थानें घराची पुढील भिंत पाडून अंगण वाढवावें आणि तेवढेंच बांधकाम परसाकडे करावें, तसा हा प्रकार आहे. घराचा आकार तोच राहतो. अंगणांत मात्र नवीन दाढांची सोय होते.

हंटर यांच्या या उत्तरानें एक नवाच प्रश्न उभा केला. हाड चढविणारा गवंडी समजला; पण हाड उतरविणारा कोण? एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत जॉन हाउशिप यांनीं हाडाच्या पृष्ठभागावर लहान लहान खळगे पाहिले. जणुं कोणीं चमच्यानें हाड कोरून काढलें आहे, अशा त्या खांचा होत्या. १८५३ सालीं लंडनचे दंतवैद्य जॉन टोम्स आणि शल्यवैद्य कँपबेल डी मॉर्गन यांनीं या खळग्यांचा बारकाईनें अभ्यास करून रॉयल सोसायटीपुढें निबंध मांडला. जुनें हाड खाल्लें जातें, आणि मग त्याच खडबडीत जागेवर नवें हाड बसतें. दोहोंच्या सांध्याची वांकडीतिकडी रेषा सूक्ष्मदर्शकाखालीं स्पष्ट ओळखूं येते, असें त्यांनीं सांगितलें. अखेर १८७३ सालीं व्युर्त्सबुर्ग येथील प्राध्यापक आल्बर्ट कोलिकर यांनीं खळग्यांत बसलेल्या, अनेक केंद्रकें असणाऱ्या मोठ्या पेशींकडे बोट दाखवून हाड उतरविण्याचें काम त्यांचेंच आहे असें प्रतिपादन केलें, आणि त्यांना हाड फोडणाऱ्या या अर्थाचें नांव दिलें. मराठींत त्यांना अस्थिभंजक पेशी म्हणतां येईल. हाड घडविणाऱ्या अस्थिजनक पेशींचें वर्णन त्याच्या अगोदर १८६४ सालीं कार्ल गेगेनबाउर यांनीं केलेंच होतें.

याच काळांत आवरण आणि हाड यांचें नातेंहि उलगडूं लागलें. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील विल्यम शार्पे यांनीं १८४० च्या दशकांत असें दाखविलें कीं आवरणांतील चिवट तंतूंचे जुडगे थेट हाडांत शिरलेले असतात. तंबूचे दोर खुंट्यांनीं जमिनींत ठोकावेत, तशी ही योजना आहे. दांताला जबड्याशीं बांधणारे तंतू हाडांत असेच रोवलेले असतात, आणि हिरडीची घट्ट पकडहि अशाच तंतूंमुळें असते. सारांश, जबड्याचें हाड म्हणजे आंत पडलेला दगड आणि हिरडी म्हणजे त्यावर पसरलेली चादर, ही जुनी कल्पना खोटी ठरली. दोहोंच्या मध्यें पेशींची एक वस्ती आहे. तेथें एका कोपऱ्यांत बांधकाम चाललेलें असतें, दुसऱ्या कोपऱ्यांत पाडकाम चाललेलें असतें, आणि या दोहोंचा मेळ राहतो तोंवरच हाड जिवंत राहतें.

हा मेळ बिघडला म्हणजे काय होतें, याचें भयंकर प्रात्यक्षिक त्याच शतकांत कारखान्यांतून घडत होतें. १८३० नंतर युरोपांत पांढऱ्या स्फुरदाच्या आगकाड्या निघाल्या. कोठेंहि घांसावी आणि पेटावी अशी ही काडी स्वस्त व सोयीची असल्यामुळें घरोघर पोंचली. पण ज्या खोल्यांतून काड्यांचीं टोंकें त्या लगद्यांत बुडवीत, तेथें स्फुरदाच्या वाफा कोंडून राहात. काम करणारीं माणसें बहुधा गरीब बायका आणि मुलें असत. १८४५ सालीं व्हिएन्नाचे वैद्य फ्रीड्रिख लोरिन्सर यांनीं अशा कामगारांत आढळलेल्या एका नव्या रोगाची हकीकत प्रसिद्ध केली. प्रथम दांत दुखे, मग हिरडी सुजून पू येई, मग हिरडी मागें सरून खालचें हाड उघडें पडे. तें हाड मेलेलें असे. त्याची दुर्गंधी इतकी असे कीं रोग्याजवळ कोणी बसत नसे, आणि अखेर शल्यवैद्याला जबड्याचा तुकडा किंवा सारा जबडाच काढून टाकावा लागे. नवल असें कीं वाफा साऱ्या शरीरांत जात, पण रोग प्रामुख्यानें जबड्यालाच होई; आणि त्यांतहि ज्यांचे दांत किडलेले असत, त्यांना अधिक होई.

१८७२ सालीं, म्हणजे कोलिकर यांच्या शोधाच्या आदल्याच वर्षीं, जर्मनींतील गेओर्ग वेग्नर यांनीं जनावरांना स्फुरद देऊन प्रयोग केले. लहान मात्रेनें हाडें झिजण्याऐवजीं उलट अधिक दाट होतात, असें त्यांना आढळलें. पाडणारा थांबला आणि बांधणारा चालूच राहिला, तर जें व्हावें तेंच हें होतें. परंतु जर्मनींत झालेले हे दोन शोध शेजारींशेजारीं असूनहि त्यांचा सांधा जुळण्यास पुढें शंभराहून अधिक वर्षें जावीं लागलीं.

रोगाचें मूळ कळण्यापूर्वींहि उपाय मात्र हाताशीं होता. ज्या व्हिएन्नांत लोरिन्सर यांनीं रोग्यांची नोंद केली, त्याच शहरांत त्याच दशकांत आन्टोन श्र्योटर यांनीं तांबड्या स्फुरदाचा शोध लावला. हा पदार्थ तसल्या वाफा सोडीत नाहीं. त्यापासून पेटीच्या कडेवर घांसावयाची निर्धोक आगकाडी स्वीडनमध्यें १८५५ च्या सुमारास तयार होऊं लागली. तरीहि पांढऱ्या स्फुरदाची काडी कांहीं पैशांनीं स्वस्त पडते, एवढ्या कारणासाठीं तिचें उत्पादन चालूच राहिलें. फिनलंडनें १८७२ सालीं आणि डेन्मार्कनें १८७४ सालीं तिच्यावर बंदी घातली. मोठमोठीं राष्ट्रें स्वस्थ बसलीं.

इंग्लंडांत या प्रश्नाला वाचा फुटली ती एका संपामुळें. जून १८८८ मध्यें लंडनच्या ब्रायंट अँड मे या आगकाड्यांच्या कारखान्यांतील मुलींच्या हालअपेष्टांवर एक लेख प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखिका म्हणजे पुढें १९१७ सालीं कलकत्त्याच्या काँग्रेसचें अध्यक्षपद भूषविणाऱ्या अ‍ॅनी बेझंट. लेखानंतर लवकरच सुमारें १४०० मुली व स्त्रिया काम सोडून बाहेर पडल्या. अपुरें वेतन आणि वेतनांतून कापला जाणारा दंड या त्यांच्या मुख्य तक्रारी होत्या. पण जबड्याच्या रोगाची धास्तीहि त्यांत होती. संपाच्या तडजोडींत जेवणासाठीं वेगळी खोली देण्याचें मान्य करण्यांत आलें, ही गोष्ट किरकोळ नव्हे. तोंवर या मुली स्फुरद पसरलेल्या बांकांवरच आपली भाकर खात असत. १९०६ सालीं बर्न येथें पांढऱ्या स्फुरदाच्या बंदीचा आंतरराष्ट्रीय करार झाला, ब्रिटनमध्यें बंदी १९१० पासून अंमलांत आली, आणि हिंदुस्थानांत त्यासाठीं १९१३ सालीं कायदा झाला. लोरिन्सर यांच्या लेखापासून हिंदुस्थानच्या कायद्यापर्यंत अडुसष्ट वर्षें लोटलीं. ज्ञानाचा अभाव हें या विलंबाचें कारण खचित नव्हतें.

जबड्यालाच हा रोग कां, या कोड्याचा अर्धा भाग हिरडींत दडलेला होता. हिरडी जेथें दांताला भिडते, त्या सांध्याचें स्वरूप काय, हें पाहण्याचा व्यवस्थित प्रयत्न विसाव्या शतकांत व्हिएन्ना येथेंच झाला. बेर्नहार्ट गोटलीब यांनीं १९२१ सालीं असें मत मांडलें कीं हिरडीची त्वचा दांताला नुसती टेंकलेली नसून सेंद्रिय रीतीनें चिकटलेली असते. तेथें जुना पेंच पुन्हां आडवा आला. दांतावरील चकचकीत कठीण थर, ज्याला एनॅमल म्हणतात, तो जवळजवळ सर्वस्वीं खनिजाचाच असतो. आम्लांत तो साफ विरघळून जातो, आणि चकतींत दांत व हिरडी यांच्यामध्यें नुसती पोकळी राहते. नेमका जो सांधा पाहावयाचा, तोच पाहण्याच्या तयारींत नष्ट होई. गोटलीब हे ज्यू होते. १९३८ सालीं ऑस्ट्रिया हिटलरच्या ताब्यांत गेल्यावर त्यांना देश सोडावा लागला. प्रथम पॅलेस्टाइन आणि मग अमेरिका असा प्रवास करून १९५० सालीं ते परदेशींच वारले. त्यांच्या मताविरुद्ध नॉर्वेचे येन्स व्हेअरहाउग यांनीं १९५२ सालीं आपले प्रयोग मांडले. पोलादाचें अति पातळ पातें हिरडी व दांत यांच्यामध्यें सहज सरकतें, तेव्हां तेथें खरें चिकटणें नाहींच, असें त्यांचें म्हणणें होतें.

हा वाद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें मिटविला. उजेडाऐवजीं इलेक्ट्रॉनांचा झोत वापरणाऱ्या या यंत्रानें १९६० नंतरच्या दशकांत असें दाखविलें कीं हिरडीच्या कडेच्या पेशी अत्यंत सूक्ष्म बटनांसारख्या रचनांनीं दांताच्या पृष्ठभागाला खरोखरच धरून असतात. गोटलीब यांचा मूळ विचार बरोबर होता. व्हेअरहाउग यांच्या प्रयोगांतहि तथ्य होतें, कारण ही पकड नाजुक आहे. तेथील पेशी थोड्या थोड्या दिवसांनीं झडून नव्या येतात, आणि पकड सुटली तर ती पुन्हां घातली जाते. पहारेकरी सतत बदलत असतात, पण पहारा उठत नाहीं. दांतावर किटण सांचलें, हिरडी सुजली, कीं हा पहारा ढिला पडतो. मग सुजेचा निरोप आंतील अस्थिभंजक पेशींना पोंचतो, त्या जागृत होतात, आणि दांताभोंवतालच्या हाडाचा कांठ कुरतडला जाऊं लागतो. म्हातारपणीं हलणाऱ्या दांतांचें कारण पुष्कळदां वय हें नसून हा ढिलावलेला पहारा हें असतें.

आतां राहिला हाडाचा पृष्ठभाग. चकतींत त्याची केवळ कडा दिसते. अंगणाचें स्वरूप भिंतीच्या कापावरून ओळखावें तसें तें होतें. १९६५ सालीं केंब्रिजच्या एका कंपनीनें पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत फिरवून त्याचें उठावदार चित्र काढणारें यंत्र विक्रीस आणलें. लंडनचे अ‍ॅलन बॉइड यांनीं हाडावरील मऊ भाग रसायनांनीं काढून टाकून उरलेल्या खनिजाचा पृष्ठभाग या यंत्राखालीं पाहिला. तेथें तीन प्रकारचे प्रदेश स्पष्ट झाले. जेथें बांधकाम चालू असतें, तेथें खनिजाच्या बारीक कणांनीं भरलेली खरखरीत भूमि दिसते. जेथें काम थांबलेलें असतें, तेथें ती गुळगुळीत असते. आणि जेथें पाडकाम होतें, तेथें हाउशिप यांनीं पाहिलेले खळगे एकमेकांना लागून पसरलेले असतात. हाडावर नजर टाकून त्याचा मालक जिवंत असतांना कोणत्या जागीं काय चाललें होतें, हें वाचतां येऊं लागलें.

ही लिपि वाचतां येतांच अतिप्राचीन जबडेहि बोलूं लागले. दक्षिण आफ्रिकेंत टाउंग येथें १९२४ सालीं सांपडलेल्या, लक्षावधि वर्षांपूर्वींच्या एका बालकाच्या चेहऱ्याच्या पृष्ठभागाचे ठसे घेऊन टिमथी ब्रोमेज यांनीं १९८० नंतरच्या दशकांत त्यांचा अभ्यास केला. त्या बालकाच्या जबड्यावर पुढील बाजूस नवें हाड चढत होतें, म्हणजे त्याचें तोंड वानरांप्रमाणें पुढें वाढत होतें. आजच्या मानवाच्या मुलांत याच्या उलट घडतें. वरच्या जबड्याच्या पुढील भागावरून हाड उतरविलें जातें, आणि म्हणून चेहरा कपाळाखालींच राहतो. २०१५ सालीं रॉड्रिगो लाक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निअँडरथल मुलांचे जबडे तपासले, तेव्हां त्यांतहि पुढें हाड चढत असल्याचें दिसलें. आरशांत दिसणारा आपला सपाट चेहरा हा अशा रीतीनें मोठ्या अंशीं या पाडणाऱ्या पेशींच्या कामगिरीचा प्रसाद आहे. हंटर यांनीं दाढांच्या जागेसाठीं जें उत्तर काढलें, तेंच येथें मानवजातीच्या मुखचर्येला लागू पडलें.

या पाडणाऱ्या पेशींना शत्रु समजण्याचा मोह मात्र वैद्यकाला झाला, आणि तोहि सकारण. उतारवयांत हाडें ठिसूळ होतात तीं या पेशींचें काम बांधणाऱ्यांपेक्षां अधिक होतें म्हणून. कांहीं कर्करोग हाडांत पसरतात तेव्हांहि या पेशींनाच हाताशीं धरतात. १९६० नंतरच्या दशकांत स्वित्झर्लंडमधील हर्बर्ट फ्लायश व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बिस्फॉस्फोनेट या वर्गाच्या संयुगांचा अभ्यास केला. तीं हाडाच्या खनिजाला चिकटून बसतात. अस्थिभंजक पेशी हाड खाऊं लागली कीं तीं तिच्या पोटांत जातात आणि तिचें काम बंद पाडतात. त्यांपासून बनलेल्या औषधांनीं असंख्य रोग्यांची हाडें मोडण्यापासून वांचलीं, हें निर्विवाद आहे. पण २००३ सालीं अमेरिकेंतील मायामी येथील रॉबर्ट मार्क्स यांनीं ३६ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. या वर्गांतील प्रबल औषधें घेणाऱ्या त्या रोग्यांच्या हिरड्या फाटून जबड्याचें मृत हाड उघडें पडलें होतें. वर्णन जणुं लोरिन्सर यांच्या लेखांतून उचललेलें होतें. या औषधांतहि स्फुरदच आहे, हें कळल्यावर जुन्या रोगाची आठवण होणें साहजिकच होतें. आगकाड्यांच्या कारखान्यांतील स्फुरदापासून शरीरांत अशींच संयुगें होत असावींत, असें कांहीं तज्ज्ञांचें मत आहे.

दोन्ही काळांतील रोगाचें कोडें आतां बऱ्याच अंशीं सुटतें. जबड्याच्या दांताभोंवतालच्या हाडांत पाडकाम आणि बांधकाम इतर हाडांपेक्षां जलद चालतें, कारण चावतांना पडणारा भार तें क्षणोक्षणीं सोशीत असतें. म्हणून पाडकाम थांबविणाऱ्या द्रव्याचा फटका त्यालाच अधिक बसतो. जुनें, थकलेलें हाड उतरविलें जात नाहीं, आणि म्हणून त्याच्या जागीं नवें येत नाहीं. दुसऱ्या एखाद्या हाडांत हें खपून जाईल, कारण तेथें जाड कातडीचें संरक्षण आहे. जबड्यांत मात्र वर दोन मिलिमीटरांची हिरडी आणि तिला भेदून गेलेले दांत. किडलेल्या दांतावाटे किंवा दांत काढल्यावर पडलेल्या खड्ड्यावाटे जंतू आंत शिरतात, आणि दुरुस्ती करणारी वस्तीच निजलेली असल्यामुळें तें हाड मरतें. ज्या पाडकामाला माणूस झीज समजत होता, तेंच दुरुस्तीचें पहिलें पाऊल होतें.

हाडांच्या ठिसूळपणासाठीं नेहमींच्या मात्रेंत हीं औषधें घेणाऱ्यांना हा धोका फारच थोडा असतो, आणि कर्करोगासाठीं मोठी मात्रा घेणाऱ्यांना अधिक. तेव्हां भीतीनें औषध परस्पर सोडणें हें हिताचें नाहीं. तज्ज्ञांचा सल्ला साधा आहे. असें औषध सुरू करण्यापूर्वीं दांत तपासून घ्यावेत, काढावयाचे असतील ते अगोदर काढावेत, आणि पुढें दंतवैद्याकडे जातांना औषधाचें नांव सांगावें. नवल वाटेल, पण आगकाड्यांच्या कारखान्यांतहि अखेरच्या काळांत हीच खबरदारी आली होती. दंतवैद्य कामगारांचे दांत तपासून किडका दांत असलेल्याला स्फुरदापासून दूर ठेवीत. त्या काळच्या माणसांना हें कटु अनुभवानें कळलें होतें आणि त्याचें कारण ठाऊक नव्हतें. आज कारण ठाऊक आहे. हिरडीखालचें हाड दगड नसून वस्ती आहे, आणि त्या वस्तीचा दरवाजा प्रत्येक माणसाच्या तोंडांत उघडतो, एवढें ध्यानांत राहिलें तरी तीनशें वर्षांचे हे श्रम सार्थकीं लागले असें म्हणतां येईल.